दहातून नऊ वेळा

सोमवार
पोचलो एकदाचे! क्वार्टर दोन खोल्यांचं, पण हवेशीर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याची वायूची टाकी दिसते. बायको म्हणाली, शेजार छान मिळाला, उसनं काही मागणार नाही. कामही मनासारखं आहे. सुरक्षेचं प्रत्येक यंत्र किती वर्षांत एकदा दगा देतं ते मांडायचं आणि ऐन गरजेच्या वेळी सगळी यंत्रणा झोपलेली सापडण्याची शक्यता काढायची. बायको माहेरी सांगते, आमचे हे अपशकुन मोजतात.

मंगळवार
टाकीभोवती गळती हुंगणारे तीन डिटेक्टर आहेत. एकाला वास लागला की घंटा वाजते, दोघांना लागला की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकलं तर घंटा वाजतच होती. कानठळ्या बसल्या. पॅनेलसमोरचे काका निवांत चहा पीत होते. विचारलं तर म्हणाले, कसली घंटा? नवख्याची फिरकी घेताहेत असं वाटून मीही हसलो.

गुरुवार
फिरकी नव्हती. पंपाजवळ बारीक गळती आहे, त्यामुळे घंटा वर्षानुवर्षं वाजतेच आहे. उत्पादन सारखं थांबतं म्हणून आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बायपास करून ठेवलाय. घंटेची चाचणी होते ती अशी: एकजण बटण दाबतो, दुसरा लाल दिवा बघून ‘वाजली’ लिहितो. कानांचा संबंधच नाही. म्हणजे उरला फक्त माणूस. त्याने घंटा ऐकायची आणि धावत जाऊन हाताने व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं.

शुक्रवार
साहेब म्हणाले, माणूस दहातून नऊ वेळा ऐकतो असं धरा, सगळेच धरतात. नाहीतर धोक्याचा आकडा मान्य पातळीत बसणार नाही आणि कारखाना बंद ठेवावा लागेल. मी म्हटलं, काकांना ऐकूच येत नाही. साहेबांनी अगदी मनापासून विचारलं, काय ऐकू येत नाही? घंटा त्यांच्या डोक्यावर कोकलत होती.
नऊ धरले. सही केली. नवी नोकरी, करणार काय. पण जेवण गेलं नाही.

रविवार
वारा इकडे फिरल्यापासून घंटा घरातही ऐकू येते. बायको कानात कापूस घालून स्वयंपाक करते. शेजारच्या वहिनी नवऱ्याशी पाटीवर लिहून बोलतात. त्यांनी हिला सांगितलं, इथली माणसं आधी घंटा ऐकेनाशी होतात, मग आपल्याला. बायको हे सांगताना हसली आणि मग रडायलाच लागली. महिनाअखेरीस निघू, असा शब्द दिलाय.

बुधवार
आज काम झकास झालं. डोकं शांत. संध्याकाळी बायकोने विचारलं, दिवसभर तुम्हाला ते सहन कसं होतं? मी म्हटलं, काय?
ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काकांकडे बघितलं होतं तशी.

गुरुवार
घंटेवर हात ठेवून उभा राहिलो. थरथरते आहे. हाताला मुंग्या आल्या. आवाज — नाही.
पुन्हा हिशोब केला. माणूस: दहातून शून्य. साहेब म्हणाले, अहवाल गेला. त्यांचे ओठ बघून कळलं.

शनिवार, सकाळ
पॅनेलवर दुसरा दिवा लागला. दोन डिटेक्टर. व्हॉल्व्ह आता बंद व्हायला — पण बायपास. काकांना गदागदा हलवून दिवे दाखवले. त्यांनी मान डोलावली, लिहिलं, ‘वाजली’.
चाकाकडे धावलो. गंजलंय. लटकलो तरी हलेना —

घरी आलो. बायको दारात, हातात पिशवी. तोंड हलतंय. गळ्याच्या शिरा ताठ. ओरडत असावी. मी म्हटलं, हळू बोल — म्हटलं का मी? माझाच आवाज मला —
खिडकीकडे बोट दाखवतेय. टाकीखाली पांढरं काहीतरी जमिनीवरून सरकत इकडे —
किती शांत आहे सगळं.
काय म्हणतेस? लिही. हीच वही घे, इथेच —

अहो पळा. कधीची हाका मारतेय तुम्हाला. वास घरात आ