चटणीची हद्दपारी

नागपूर

मालनअक्का, धाकट्या आबाचा सप्रेम जय भीम.

तक्रार गंभीर आहे. तू खलबत्त्यात कुटून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी मला एकदाच मिळाली. पौर्णिमेने ती बरणीसकट हद्दपार केली. संस्कृतच्या मास्तराला स्वतःच्या लेकीपुढे अपील नसतं.

झालं असं, की नात आरोहीने माझ्या ताटातली चटणी बोटाने चाटली. लगेच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. मी गांधींवर लावायला गेरू शोधत होतो. पौर्णिमेने खालच्या तिच्या दवाखान्यातून अॅड्रेनॅलिन आणून पोरीच्या मांडीत टोचलं. मग रात्रभर मोठ्या दवाखान्यात ठेवलं. आता आरोही ठणठणीत आहे.

पौर्णिमा म्हणते, शरीराचे पहारेकरी बिचाऱ्या शेंगदाण्याला चोर समजतात आणि त्यांच्या धुमश्चक्रीत आपल्याच घराची मोडतोड होते. औषध त्या वेळी सूज उतरवतं, श्वासाची वाट मोकळी करतं. पहारेकऱ्यांची समजूत मात्र बदलत नाही.

काल शेजारणीने लाडू दिला, तर आरोही कमरेवर हात ठेवून विचारते, "आधी सांगा, यात शेंगदाणे हायेत का?" अक्का, मला मूठभर मांस चढलं. भाषा माझी, गावाकडची; अक्कल आईची.

तुझा गुडघा कसा आहे? उन्हाळ्यात आम्ही वडवणीला येतोय, इंजेक्शन सोबत असेल. पण आपल्याकडे भाजीत कूट, भाकरीवर कूट, आणि "एवढ्याशानं काय होतंय" म्हणत तू लेकरांना घास भरवतेस. खरं सांगतो, मला तुझ्या त्या मायेच्या हाताचीच भीती वाटते.

तुझा,
आबा