झोप समुद्रावर राहिली

मंगळवार, ३ जून

नांदी विमानतळ. लाल ठिपका दिसतोय, म्हणजे फोन ऐकतोय म्हणे. ऐक बाबा!

नातीने, प्रशिकाने शिकवलंय. मी बोलायचं, हा अक्षरं काढणार, तारीखसुद्धा स्वतःच घालणार. "आजी, तुझी एकटीची रोजनिशी. कोणी वाचणार नाही." मला तर वाचताच येत नाही. म्हणजे माझ्यापासूनही गुपित राहणार!

अठ्ठ्याहत्तर वर्षांत आमच्या बेटावरच्या तावुआहून निघाले ती फार तर राजधानीपर्यंत, सुवापर्यंत. आता एकदम अमेरिका. सॅक्रामेंटो. तिथे माझी थोरली बहीण, सुभागीदीदी. सत्त्याऐंशीत फौजेने सरकार उलथलं तेव्हा ती गेली. अडतीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिच्या मुलाचा, सतेंदचा फोन आला. "मौसी, अम्मा आता कोणाला ओळखत नाही. यायचं तर आत्ताच ये."

निघालेय. मला दीदीला एक वाक्य सांगायचंय. एकच. पण ती ओळखेल तेव्हाच सांगून उपयोग.

कोंबड्या शेजारच्या मेरेकडे दिल्यात. मेरे म्हणाली, "जसोदरा, उतरलीस की चप्पल काढ आणि तिथल्या मातीवर उभी राहा. नाहीतर झोप मागेच राहते." आमच्या मेरेकडे सगळ्यावर औषध असतं, फक्त तिच्या घोरण्यावर नाही.

विमानात जेवण फुकट. आणि आज मंगळवार, बजरंगबलीचा उपास! माझं नशीब.

मंगळवार, ३ जून

पुन्हा मंगळवार! फोन बिघडला नाही, मी विचारलं. मंगळवारी रात्री निघाले, दहा तास उडाले, उतरले तर मंगळवार दुपार. सतेंद म्हणतो समुद्रात एक रेषा आहे, ती ओलांडली की तारीख बदलते. मी खिडकीशीच बसले होते. रेषाबिषा काही दिसली नाही.

आणि माझा घोटाळा ऐक. विमानात उजाडलं तेव्हा म्हटलं, बुधवार आला, उपास सुटला. कोंबडीभात मागून खाल्ला, वर शेजारणीचा केक. आता कळतंय, कोंबडी मंगळवारच्या पोटात गेली! बजरंगबली, तूही समुद्र ओलांडला होतास. तूच समजून घे.

विमानतळाबाहेर चप्पल काढून उभी राहिले. सगळं सिमेंट, तव्यासारखं तापलेलं. सतेंद ओरडला, "मौसी, पाय भाजतील!" माती काही मिळाली नाही.

दीदी खिडकीपाशी खुर्चीत होती. एवढ्या उकाड्यात पायांवर शाल. केवढीशी झालीय! माझ्याकडे बघितलं, हसली. मग सुनेला म्हणाली, "रंजिला, बाईंना चहा दे. लांबून आल्यात."

बाई. मी.

बुधवार, ४ जून

रात्रभर टक्क. सकाळी सगळे उठले तेव्हा माझे डोळे मिटायला लागले.

रंजिला म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स आहे. तिच्याकडे नियमांची माळ. "मौसी, याला जेटलॅग म्हणतात. सकाळी उन्हात बसायचं. दुपारी अजिबात झोपायचं नाही. संध्याकाळी चहा बंद. चार दिवसांत ठीक व्हाल."

दुपारी जेवताना ताटातच पेंगले. नाकाला डाळ. सतेंद हसला, मेला. दीदी हसली नाही. पदराने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई, थकलात."

मेरेचं खरं होतं. विमान उतरलं, माझी झोप समुद्रावरच राहिली.

गुरुवार, ५ जून

ओळखलं! ओळखलं मला!

रात्री एक वाजला असेल. मी पलंगावर बसून छत बघत होते. माझ्या शरीराला तेव्हा कुठे संध्याकाळचे आठ, तावुआत जेवणं उरकून गप्पा चालू असतात. स्वयंपाकघरात परातीचा आवाज आला. गेले. दीदी पीठ मळत होती. उभ्यानेच, कंबर वाकवून, आई मळायची तशी.

मान वर न करता म्हणाली, "छोटकी, किती झोपशील? टोळी यायची वेळ झाली. पाणी दे."

छोटकी! हे नाव घेणारं जगात दुसरं कोणी उरलेलं नाही.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की आम्ही दोघी काळोखातच उठायचो. ऊसतोडीच्या टोळीला साठ-सत्तर रोट्या लागायच्या. दीदीला वाटतंय ती तिथेच आहे. जूनच आहे ना. बरोबरच आहे तिचं.

तीन वाजेपर्यंत बोलत होतो. विहिरीवरची भांडणं, आमचा लंगडा बैल, लग्नात तिने माझी बांगडी फोडली ती. सगळं आठवतं! मग तिचा चेहरा हळूहळू विझला. "झोपते आता," म्हणाली आणि गेली. मीही झोपले.

सकाळी मला पुन्हा बाई म्हणाली.

रंजिलाला विचारलं. "रोज रात्री असंच," ती म्हणाली. "एक ते तीन. म्हणून तर गॅसच्या कळा काढून मी पर्समध्ये ठेवते. एकदा घर पेटलं असतं." थकलेली दिसते बिचारी. दिवसा दुसऱ्यांचे म्हातारे, रात्री घरची म्हातारी.

दीदीचं घड्याळ चुकलेलं, माझंही चुकलेलं. पण दोघींच्या चुका एकाच वेळेला येतात.

शुक्रवार, ६ जून

रंजिलाने उन्हात बसवलं. मी ऊन पाठीवर घेतलं, डोळे मिटून. तिला वाटलं ध्यान चाललंय.

रविवार, ८ जून

मोठा तमाशा झाला.

सतेंदच्या मागे लागले होते. एक कळ दे. मी आहे ना जागी, मी बघते. तो ट्रक चालवणारा रांगडा माणूस, पण बायकोला घाबरतो. "मौसी, रंजिला मला रस्त्यावर झोपवेल." "झोप, तुला सवय आहे." शेवटी त्याने एक कळ माझ्या ओच्यात टाकली.

रात्री दीदीने कपाटामागून तवा काढला. आईचा तवा. आजीने गिरमिटाच्या, करारावर मजूर नेणाऱ्या जहाजातून आणलेला. हा तवा थोरलीने घेतला म्हणून मी तिच्याशी भांडले होते. म्हणूनच ती निघाली त्या दिवशी तिला पोचवायला मी गेले नाही. सगळा गाव बस भरून नांदीला गेला. मी घरी बसून तांदूळ निवडले. हे वाक्य घेऊन मी आलेय — दीदी, मी तुला पोचवायला आले नव्हते.

म्हटलं, आज सांगते. पहिली रोटी टम्म फुगली. दीदी टाळ्या वाजवायला लागली. दुसरी टाकली, आणि छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलला! असा बोंबलला की शेजारचं कुत्रं रडायला लागलं. सतेंद चड्डीवर धावत आला, झाडूने भोंगा बडवला. दीदी कोपऱ्यात थरथरत होती. कोणाला ओळखेना. मलाही नाही.

रंजिलाने गॅस बंद केला. ओट्यापाशी स्टुलावर बसली आणि जळकी रोटी खाल्ली. मग म्हणाली, "मौसी, रात्री कोणी बोलायला असलं की अम्मा जास्तच जागतात. तुम्ही झोपलात तर त्याही झोपतील. उद्यापासून गोळी घ्या."

तिचं काय चुकलं? काहीच नाही. तेच तर.

सोमवार, ९ जून

गोळी घेतली. तिळाएवढी आहे, ती काय करणार!

मंगळवार, १० जून

आठ तास. मेल्यासारखी.

सकाळी रंजिलाचे डोळे लाल. सतेंदने हळूच सांगितलं. अम्मा तासभर माझ्या पलंगाशी उभी होती. हाक मारत होती, "छोटकी, ऊठ. छोटकी." मग म्हणाली, "रुसलीय वाटतं," आणि जाऊन बसली.

उपास आहे. तसंही आज घास उतरला नसता.

बुधवार, ११ जून

गोळी मनी प्लांटला दिली. तो रात्रभर निवांत झोपला. मी नाही. दीदी आली, आम्ही बिनआगीच्या रोट्या लाटल्या. कुजबुजून.

शनिवार, १४ जून

लोक जेटलॅग जावा म्हणून गोळ्या घेतात. मी राहावा म्हणून काय काय करतेय! दुपारी न्हाणीघरात कडी लावून अर्धा तास बसल्या-बसल्या झोपते. सतेंद बाहेरून, "मौसी, बरी आहेस ना?" "पोट बरं नाही रे." तीन दिवसांत माझ्या पोटाची घरभर चिंता. संध्याकाळी काळोख करून पडते. रात्री लाल चहा, बिनदुधाचा, दोन पेले.

पण शरीर म्हणजे फितूर माणूस. ज्याच्या घरचं खाल्लं त्याचं झालं. दहा वाजता डोळे जड व्हायला लागलेत. पहाटे आपोआप जाग येते, इथल्यासारखी. रंजिला खूश. "बघा मौसी, झालात ना ठीक!"

काल दीदीशी बोलता बोलता मला डुलकी लागली. उठले तर तीन वाजून गेले होते. तिने माझ्यावर शाल घातली होती. स्वतः झोपायला गेली होती. सांगायचं राहिलंच.

बुधवारचं तिकीट आहे. चारच रात्री उरल्या.

रविवार, १५ जून

झोपले. आपोआप. गोळीशिवाय. थू माझ्यावर.

सोमवार, १६ जून

काल रंजिलाने मला पकडलं. न्हाणीघरात नाही, मनी प्लांटमध्ये. कुंडीत पांढऱ्या गोळ्या, पावसात भिजलेल्या तांदळासारख्या. तिने एकेक करून वेचल्या, हातात धरल्या. मला वाटलं, आता ऐकवणार.

म्हणाली, "मला सांगायचं ना, मौसी. मी उठवलं असतं तुम्हाला."

आणि उठवलं. एक वाजता, स्वतः गजर लावून. सकाळी सहाला तिची पाळी होती तरी. पायाला हात लावून म्हणाली, "उठा, अम्मा आल्यात." आणि दार लोटून गेली.

दीदी पीठ मळत होती. मी परातीपाशी बसले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"दीदी, तू अमेरिकेला निघालीस ना, तेव्हा मी पोचवायला आले नव्हते. तव्यावरून. घरी बसले होते."

तिने हात थांबवले. माझ्याकडे बघितलं, मी लहानपणी काही खोटं बोलले की बघायची तसं.

"आलीस की! खांबामागे उभी होतीस. हिरवी ओढणी. मला वाटलं, पुढे येईल. नाही आलीस. हट्टीच तू. मी विमानाच्या शिडीवरून हात केला, तू पण केलास."

माझ्याकडे हिरवी ओढणी कधीच नव्हती.

मी म्हटलं, "हो दीदी. केला होता."

"मग?" ती म्हणाली. "पाणी घाल. घट्ट झालं पीठ."

मंगळवार, १७ जून

उपास. रात्री पुन्हा बोललो, पण महत्त्वाचं काही नाही. चटणीत चिंच किती घालावी यावर भांडलो. फार बरं वाटलं.

बुधवार, १८ जून

निघाले. संध्याकाळची वेळ, म्हणजे दीदीची ओळखण्याची नाही. ती दारापर्यंत आली, सतेंदचा हात धरून. मी पाया पडले तर संकोचली.

"अहो, राहू दे. पुन्हा या, बाई. छोटकी येणार आहे तावुआहून. ती असताना या, ती बोलकी आहे."

म्हटलं, "येईन."

अंगणात रंजिलाच्या कुंड्यांची माती होती. चप्पल काढून दोन मिनिटं त्या मातीवर उभी राहिले. उशीर झाला, पण मेरेला खोटं का पाडा. रंजिला हसत नव्हती. तिनेही चप्पल काढली.

विमानतळ. बॅग येताना होती त्याहून जड वाटते. या पोरांनी काय भरलंय कोण जाणे.

शुक्रवार, २० जून

नांदी. पहाट. दमट, ओला, आपला वास.

प्रशिका न्यायला आली. तोंड पाडून. म्हटलं, "काय ग, आजी जिवंत परत आली म्हणून वाईट वाटलं?" हसली नाही. गाडी चालवताना सारखं नाक ओढत होती. सर्दी म्हणे. वाटेत बा गाव लागलं. उसाच्या गाड्या गिरणीकडे निघालेल्या. गाळप सुरू झालं.

मेरेने भात, मासळी, नारळाच्या दुधातली भाजी झाकून ठेवलेली. मला मिठी मारली ती सोडेचना. "अग, श्वास घेऊ दे! कोंबड्या किती मारल्यास ते सांग." एकही नाही म्हणाली. आणि रडली. मेरे आणि कोंबडीसाठी रडणार!

बॅग उघडली. तळाशी, दीदीच्या शालीत गुंडाळलेला — तवा. सतेंदने घातला, का रंजिलाने, का रात्री उठून दीदीने? उद्या फोन करून विचारते. आत्ता डोळे उघडे राहत नाहीत. प्रशिका म्हणते, "आधी झोप आजी. आधी झोपून घे."

शनिवार, २१ जून

सकाळी प्रशिकाने सांगितलं. मग मी म्हटलं, फोनमधल्या तारखा मला वाचून दाखव. फक्त तारखा. तिने वाचल्या. बुधवार अठरा. मग शुक्रवार वीस.

"मधला?"

"तो तुला मिळालाच नाही, आजी. तू रेषा ओलांडलीस ना. जाताना जास्तीचा मंगळवार मिळाला होता, येताना गुरुवार गेला."

सतेंद म्हणतो, दीदी गुरुवारी गेली. एकोणीस तारखेला, रात्री दोन वाजता, परात पुढ्यात घेऊन.

असेल. त्यांच्याकडे गुरुवार होता.