तारीख न घातलेली सनद

बाबा, आज सकाळी एका मुलीची ईमेल आली. तिची आई तुरुंगात आहे, गुरुवारी सुनावणी आहे. तिच्या आईने आमच्या मीटिंगमध्ये आक्षेप घेतला होता, एवढंच मी लिहून द्यावं असं ती म्हणते. दोन ओळींचं काम. पण त्या ओळींपाशी मला तुमचाच राग आला, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

इंग्लंडातलं, लेस्टरचं आपलं किचन. आपल्या मंडळात दोन तट पडलेत, बुद्धविहाराच्या हॉलला दोन्ही तटांनी आपापलं कुलूप लावलंय, आणि तुम्ही हंगामी समिती नेमताय. ठराव मी टाइप करतेय, पंधरा वर्षांची. समिती किती दिवस, असं विचारलं तर तुम्ही चहा गाळता गाळता म्हणालात, "लिही, परिस्थिती निवळेपर्यंत." मी म्हटलं, तारीख घाला की. "अक्कल आहे का तुला? तारीख दिली तर त्याच दिवशी डोकी फोडतील." तेव्हा पटलं मला. समिती मग अकरा वर्षं हंगामीच राहिली आणि अध्यक्ष तुम्ही. दर रविवारी आम्हा पोरांकडून घटनेची उद्देशिका पाठ म्हणून घेणारा माणूस, आणि निवडणुकीचं नाव काढलं की म्हणायचा, अजून कुठे निवळलंय? निवळू कोण देत नव्हतं, हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं. तुमच्या फ्युनरलला निम्मे लोक फिरकलेसुद्धा नाहीत. आई दाराकडे बघत बसली होती.

पुढे मी घटनांचे मसुदे लिहिणारी वकील झाले. यादवी संपलेल्या एका लहानशा देशाचे क्रांतिकारक लंडनला आले, आणि वेम्बलीच्या एका हॉटेलात आम्ही त्यांच्या हंगामी सरकारची सनद लिहिली. मुदतीचा क्लॉज आला. त्यांच्यातल्या एक शाळेच्या बाई म्हणाल्या, "तारीख घाला. हे आपण होऊन जायचे नाहीत. माझ्या वर्गात होते सगळे, मी ओळखते." त्यांचे सेनापती माझ्याकडे बघत होते. मी तुमचं 'परिस्थिती निवळेपर्यंत' जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि बाईंना वर समजावलं, की तारीख दिलीत तर त्याच दिवशी पुन्हा लढाई होईल. त्यांनी विचारलं, हे कुठून आणलंत? मी म्हटलं, अशीच पद्धत असते. मीटिंगच्या वृत्तांताच्या मिनिट्स आल्या तेव्हा त्यांतून बाईंचा आक्षेप गाळलेला होता. मूग गिळून मी त्या बरोबर असल्याची सही केली.

ते सरकार अजून हललेलं नाही. बाई तारीख मागायला चौकात उभ्या राहिल्या, त्यांना उचललं. आता कोर्टात सरकारी वकील त्यांना म्हणतात, सनद तुम्हीच मान्य केलीत, मग हा विरोध म्हणजे फितुरी. मी खरं लिहिलं तर माझी सही खोटी ठरते आणि वकिली जाते.

सगळं तुमच्या माथी मारायला बसले होते. तुम्ही एक हॉल अडवलात, बाबा, कुणाला तुरुंगात नाही घातलंत. हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून सांगते. मुलीला दुपारीच उत्तर पाठवलं. त्या मीटिंगचं मला नीटसं आठवत नाही, असं लिहिलं.