बावीस तासांचा भाकरतुकडा

प्रफुलदादा,

हे पत्र टाकाले निघाली तं बाबा विचारतीन, विमानात बसलेल्या माणसाले पत्र कायले? म्हणून हे माह्यापाशीच राहीन.

तूच सांगतलं होतं, टोरंटो ते नागपूर बारा हजार किलोमीटर, मधात विमान बदलून बावीस तास. बाबा तुह्यासाठी लई रडून राह्यले होते, तं मी म्हटलं, दादा विमानात बसला. त्यायले झोप लागली. कालचं त्यायच्या ध्यानात राह्यत नाई, म्हणून रोज तेच सांगतो. आठ महिने झाले, मी इथं आर्वीले बाबापाशीच हाव. रोज सकाळी ते माह्याकडून दाढी करून घेतात अन् तू आल्यावर ओवाळून टाकाले दारात भाकरतुकडा ठेवाले लावतात. अकरा वाजता गल्लीतलं कुत्रं येऊन तो खाते. तुह्यापेक्षा तेच वक्ताचं पक्कं.

आज पुलगावहून आमच्या ह्यायचा फोन आला. "आर्वीहून घरी याले एसटीनं एक तास लागते. कधी येशीन?"

मी म्हटलं, "दादा विमानात बसला. तो आला का मी निघतो."

फोन ठेवला. अकरा वाजले. कुत्रं आलं, तं आज मी त्याले हाकललं अन् तुकडा तुह्यासाठी ठेवला.

तुही बहीण,
मोहिनी