आठ लाख किलोमीटर

४ ऑगस्ट

नाही विकायचा! ट्रक विकायचा नाही म्हणजे नाही.

धाकटे दीर सकाळी चहाला आले. कप खाली ठेवायच्या आत सुरू — "वहिनी, एकवीस वर्षं झाली, आठ लाख किलोमीटर! अजून किती ओढणार? भंगारात चांगला भाव मिळतोय तोवर मोकळे व्हा."

मी भाषणालाच उभी राहिले. वस्तूचं आयुष्य कोण ठरवणार? वापरणारा की नवी विकणारा? धडधाकट यंत्राला आधी म्हातारं ठरवायचं आणि मग माणसाला नव्याच्या हप्त्यांना जुंपायचं — याला प्रगती म्हणायचं? दीर पार भिंतीला टेकले. नवरा बिस्कीट बुडवत म्हणाला, "टाळ्या!"

मेल्याला माझ्या एकाही भाषणाचं कौतुक नाही.

९ ऑगस्ट

सुट्टी. दोघांनी मिळून ट्रक धुतला. हौद्याच्या फटीफटीत विटांची लाल धूळ. याच हौद्यावर उभी राहून मी पहिली सभा गाजवली होती. हा खाली टायरला टेकून घोरत होता! आज पाइपचं पाणी मुद्दाम माझ्यावर उडवलं. या वयात! मीही बादली ओतली. छान गेला दिवस.

तक्रार एकच — पुढचे दिवे. संध्याकाळी परतताना रस्ता नीट दिसत नाही म्हणतो. "म्हातारीची नजर गेली गं," म्हणाला आणि बॉनेटवर थोपटलं.

१३ ऑगस्ट

बल्ब दुसऱ्यांदा बदलले. "मंदच आहेत." दिरांना आयतंच फावलं.

२१ ऑगस्ट

अखेर मिस्त्रीकडे नेला. आज निकाल! दीरही हजर.

मिस्त्रीने ट्रक उभा-आडवा तपासला. इंजिनात दम आहे, तेल खात नाही, सांगाड्याला गंज नाही. "काकू, वेळच्या वेळी तेल बदललंत, कधी जादा माल भरला नाहीत — त्याचं फळ आहे हे. गाडी अशीच सांभाळलीत तर अजून दोन-अडीच लाख किलोमीटर कुठे जात नाही."

मी दिरांकडे नुसतं बघितलं. भाषणाची गरजच उरली नाही!

"आणि दिवे?" नवऱ्याने विचारलं.

मिस्त्रीने शेडचं दार ओढून अंधार केला, नवऱ्याने केबिनमध्ये चढून दिवे लावले. समोरची भिंत पांढरीफटक झाली. मिस्त्रीने डोळ्यांवर हात धरला. "काका, बंद करा, दिपलो मी!"

हा भिंतीकडे बघत राहिला. "बघ ना, मंदच आहेत."

मीच चढून दिवे बंद केले.

२३ ऑगस्ट

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत येणार नाही. औषधाने उरलेली टिकेल, बरीच वर्षं टिकेल. पण गाडी चालवणं आजपासून बंद. घरी आल्यावर याने ट्रकची किल्ली खुंटीला अडकवली आणि झोपला.

२४ ऑगस्ट

सकाळी उठले तर हा ट्रकमध्ये. डावीकडच्या सीटवर! चालकाची जागा मोकळी, किल्ली लावलेली.

"चढ. दोन लाख किलोमीटर बाकी आहेत. फक्त एक अट — शिकताना भाषण नाही."

चढले. गप्प बसले. पाय क्लचपर्यंत पुरतो.