सतरा वर्षांत डिग्री बसवताना

३ जून, सकाळी ७
ठरलं. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर व्हायचं. वणीतल्या नव्या नर्सिंग कॉलेजची जाहिरात मोबाईलवर आली. मी सतरा वर्षं हॉस्पिटलात ब्रदर. माझ्याइतक्या सलाईन तालुक्यात कोणी लावल्या नसतील. वॉर्डात पोरांना शिकवायला माणूस मीच. जाहिरातीखाली बारीक अक्षरांत काहीतरी आहे. चष्मा सापडला की वाचीन.

४ जून
डॉक्टरसाहेब म्हणाले, गुलाबसिंग, वॉर्डाचा इन्चार्ज हो. म्हटलं, नाही साहेब, मी आता शिक्षणक्षेत्रात चाललो. ती जागा वॉर्डातल्या ज्युनिअर नर्सला, मितालीला दिली. पोरगी गुणी आहे. बिचारी वॉर्डातच अडकली.

६ जून
चष्मा सापडला. बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी पाहिजे, शिवाय एक वर्षाचा अनुभव. माझा जीएनएम डिप्लोमा. बायको अंजू म्हणाली, अहो, डिग्री त नाही न तुमच्यापाशी, कायले जाता? तिला कळत नाही. त्यांनी एक वर्ष मागितलं, मी सतरा देतोय. उरलेल्या सोळांत एक डिग्री आरामात बसते.

९ जून, दुपारी
लेक्चरची रिहर्सल. विद्यार्थी नव्हते म्हणून आईला, आमच्या याडीलाच बसवलं, पेशंटही तीच. पोटच्या पोराचं लेक्चर तिनं वीस मिनिटं ऐकलं. मग म्हणाली, बापू, हात सोड आता, मले दळण आनाले जा लागते. बीपी मोजायचा राहून गेला.

१३ जून
इंटरव्ह्यू. प्राचार्य मंजुषा मॅडमनी रबरी हातावर सलाईन लावायला सांगितली. एका झटक्यात लावली. मागे उभ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी डिग्री विचारली. मी अनुभव सांगितला. त्यांनी परत डिग्री विचारली. मी परत अनुभव सांगितला. शेवटी म्हणाल्या, भाऊ, हात लाख मोलाचा आहे तुमचा, पण नियमापुढे मी काय करू? निघताना पोस्ट बेसिकचं माहितीपत्रक हातात दिलं. असं कोणालाही देत नसतील. निवड जवळपास पक्की.

२० जून
फोन आला. निवड नाही. डबा उघडलाच नाही. दुपारी मिताली ड्युटी चार्ट घेऊन आली. म्हणाली, दादा, जरा पाहून द्या न, मले जमून नाही राह्यलं. दोन चुका काढल्या. मग जेवण गेलं.

२१ जून
अंजूनं पोस्ट बेसिकचा फॉर्म भरून पुढ्यात ठेवला. म्हणाली, दोनच वर्षं आहेत, निंगून जातीन, मी आहो न. कल्पना मुळात माझीच होती. सही केली.

१५ सप्टेंबर
प्रवेश परीक्षा पास! कॉलेजचा पहिला दिवस. वर्गात वयानं मोठा मीच, त्यामुळे पुढारीपण आपोआप आलं. पहिलं प्रॅक्टिकल: हात धुणे. शिकवायला क्षितिज सर, वय सव्वीस. मी दहा सेकंदांत उरकलं आणि शेजारच्या पोरींना टिप्स देऊ लागलो. सर अदबीनं म्हणाले, काका, दोन्ही अंगठे राहिले.
उद्या अकराला रिपीट. यादीत मी एकटाच.