निळ्या गळसरीतली माझी गाठ

मी, संहिता नरेंद्र पटवेकर, वय एकोणतीस, मूळची कऱ्हाडची, सध्या राहणार डेल्फ्ट, नेदरलँड्स, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. जानेवारीत केलेला कागद रद्द समजावा. त्यात मी "कामात कधी खोटेपणा केला नाही" असे लिहिले होते. ते चूक आहे. दुरुस्ती कलम तीनमध्ये आहे.

१. इथे दागिने, कपडे आणि घरातल्या वस्तूंपुरता हस्तलिखित कागद नोटरीशिवाय चालतो. माझ्याकडे दुसरे काही नाहीच. साक्षीदारही लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय कागद अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खरा वाटत नाही, म्हणून घेतले. आईची ठुशी आणि मोत्याच्या कुड्या बहीण ऋजुताला. ठुशीचा दोरा पाच वर्षांनी बदलावा. चुलतभाऊ मल्हार सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मण्यांत पीएच.डी.? मग आम्ही जन्मजात डॉक्टर!" त्याला माझा प्रबंध द्यावा. त्याने तो वाचावा.

२. दागिने ओवायचा आकडा आणि मेणाची वडी अण्णांना परत. शाळेच्या आधी मी त्यांच्या दागिने ओवायच्या पेढीवर शिकले. अंक मण्यांवर, अक्षरे गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि टोक कधी मोकळे सोडायचे नाही, हेही तिथलेच.

३. मी संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधले दागिने जतन करते. नोव्हेंबरमध्ये एका स्त्रीच्या थडग्यातली निळ्या मण्यांची रुंद गळसरी माझ्याकडे आली. मूळ दोऱ्याचे बोटभर टोक शिल्लक होते. ओलाव्याने ते मऊ केले, आणि मणी घरंगळू नयेत म्हणून माझ्या हातांनी त्याला आमची घरची गाठ मारली. माझ्या लक्षात येईपर्यंत विभागप्रमुख बाई मागे उभ्या होत्या.

"ही गाठ! अशी मी कुठेच पाहिलेली नाही. मूळचीच ना?"

मी होकारार्थी मान हलवली. पुढे अहवालावर सहीही केली. आता त्या गाठीवर त्यांचा लेख तयार आहे आणि प्रदर्शनातली पाटी छापायला जायची आहे. गाठ सोडवता येत नाही; दोरा वाळला आहे, भुगा होईल.

मी पाठवलेला गळसरीचा फोटो पाहून अण्णा फोनवर म्हणाले, "अगं, ही तर आपली गाठ! त्या बायकांनाही येत होती होय?"

"हो, अण्णा."

त्यांनी तो फोटो फ्रेम करून पेढीवर लावला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात.

४. माझा इथे राहण्याचा परवाना या नोकरीवर आहे. बोलले तर बहुधा दोन्ही जातील. न बोलले तर उद्या कुणी विद्यार्थी ही गाठ इतर थडग्यांत शोधत बसेल. त्या स्त्रीने आपले दागिने कुणाला दिले नाहीत, पुढे लागतील म्हणून सोबत नेले. त्यात माझी वस्तू राहू नये.

५. मी रोज सायकलवरून ट्रामचे रूळ ओलांडते. मध्येच काही झाले, तर ऋजुताने कलम तीन इंग्रजीत करून बाईंना पाठवावे. अण्णांना तिने स्वतः जाऊन सांगावे, फोनवर नको. फ्रेम त्यांना उतरवायला लावू नये.

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळणार नाही: स्नेहल (सही), गौरव (सही).
सही: संहिता न. पटवेकर
डेल्फ्ट, शनिवार, ७ मार्च २०२६

कलम पाचची वेळ आली नाही, तर मीच सांगेन. अण्णांना आदल्या संध्याकाळी, सोमवारी. बाईंना पाटी छापायला जाण्याआधी, सकाळी साडेनऊ वाजता, मंगळवार, १० मार्च २०२६.